कोपीतली गोळ्यांची डबी



दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने सुरू झाले की कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोड टोळ्या येतात. बहुतेक बीडकडच्या, काही नंदुरबार भागातली भिल्ल कुटुंबे. हंगाम संपेपर्यंत संसार कोपीत. तिथे सेवा करताना एचआयव्हीबाबत मला औषधाच्या तुटवड्यापेक्षा औषध लपवण्याची अडचण मोठी दिसते.

सरकारी एआरटी केंद्रांतून २००४ पासून औषध मोफत मिळू लागले. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात ही सोय आहे. २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. बहुतेकांना रोज एकच गोळी. ती नियमित घेतली तर रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी होतो, आणि तो तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर आईने वेळेवर उपचार घेतले तर बाळही बहुधा लागणीपासून वाचते.

पण कोपीला दार नसते. डबी दिसली तर मुकादम टोळीतून काढील, शेजारीण हातचे पाणी घेणार नाही, ही धास्ती. मग गोळी चुकते, आणि वारंवार चुकली की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. खरे तर गाव सोडण्याआधी आपल्या केंद्रात सांगितले तर जास्त दिवसांच्या गोळ्यांची किंवा इथल्या केंद्रातून औषध घेण्याची व्यवस्था होऊ शकते. त्यासाठी उपचाराची पुस्तिका जवळ हवी.

उपासनेनंतर मला हळूच विचारतात, प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्यातून लागण होते का? नाही. लाळेतून, एकत्र जेवल्याने, गळाभेटीने एचआयव्ही पसरत नाही. तो असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त वा सुई, आणि आईकडून बाळाला अशा मार्गांनी जातो. (सर्दीखोकल्यासाठी वेगळे पेले ठेवायचे तर खुशाल ठेवा!)

आणखी एक. "अमक्यासाठी प्रार्थना करा, त्यांना तो आजार आहे," असे मंडळीत जाहीर करू नये. विश्वासाने सांगितलेली गोष्ट संमतीशिवाय उघड करायला २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदाही मनाई करतो. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून कामावरून किंवा भाड्याच्या घरातून काढणेही त्यात भेदभाव ठरते. प्रार्थना नाव न घेताही होते.

सरकारी केंद्रात चाचणी मोफत असते आणि निकाल गुप्त ठेवतात. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. यंदा कोप्यांवर ब्लँकेट वाटायला याल तेव्हा तो पाठ करून या.