ठिगळांची गोधडी: हल्याळच्या जंगलापासून अमेरिकेच्या म्युझियमपर्यंत

सहावीच्या वर्गाला मी एक प्रोजेक्ट दिला होता. घरातली सर्वांत जुनी वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल पाच वाक्यं बोलायची. कुणी पानदान आणलं, कुणी दादाजानचं घड्याळ, कुणी तांब्याचा बधना. एक मुलगी मात्र काळी प्लास्टिकची पिशवी बाकाखाली दाबून बसली होती. मी विचारलं तर हळूच म्हणाली, "टीचर, घरात दुसरं काही जुनं नव्हतं. नानीची गोधडी आहे. फाटकी आहे."

अर्धा वर्ग हसला. मला त्या हसण्याचं वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. आपल्याही घरात तेच चाललंय. पाहुणे यायचे म्हटले की गोधडी आत जाते आणि चकचकीत ब्लँकेट बाहेर येतं. म्हणून त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं आणि गोधडीवरच बोललो. वर्गात जे सांगितलं, तेच थोडं वाढवून इथे लिहिते आहे.

गोधडी बनते कशी?

महाराष्ट्रात तिला गोधडी म्हणतात, कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ, आणि तान्ह्या बाळाची असेल तर दुपटं. उर्दूत ती गुदडी. "गुदडी का लाल" ही म्हण आपल्या घरात सगळ्यांनाच माहीत आहे. बंगालमध्ये तिची बहीण कांथा, बिहारमध्ये सुजनी, सिंध-कच्छमध्ये रल्ली.

कृती सोपी वाटते, पण अक्कल भरपूर लागते. जुन्या सुती साड्या, लुंग्या, चादरी धुऊन घ्यायच्या. जमिनीवर एकावर एक थर पसरायचे, सुरकुती पडू द्यायची नाही. वरून रंगीत तुकडे मांडायचे आणि धावदोऱ्याने सगळे थर एकत्र शिवायचे. थरांमध्ये हवा अडकते, म्हणून ऊब राहते. शेकडो वेळा धुतलेला सुती कपडा मऊ झालेला असतो, म्हणून बाळाच्या अंगाला तो टोचत नाही. फाटली तर टाकायची नाही, वर नवा थर चढवायचा. त्यामुळे एखाद्या जुन्या गोधडीच्या पोटात आणखी जुनी गोधडी सापडते. इसराफ टाळा असं आपण मुलांना सांगतो, या बायकांनी ते सुईदोऱ्याने करून दाखवलं.

पण एवढंच असतं तर तिला बचत म्हटलं असतं. लाल तुकड्याशेजारी पिवळा ठेवायचा की निळा, काठ कुठे फिरवायचा, हे कुणी शिकवलेलं नसतं. तो निर्णय त्या बाईचा स्वतःचा असतो. घरातले बाकीचे कितीतरी निर्णय तिच्या हातात नसताना हा एक तिचा होता.

सिद्दी बायकांची कवंदी

मुरुड-जंजिऱ्यामुळे 'सिद्दी' हे नाव आपल्याला माहीत आहे. पण राज्य केलेल्या त्या घराण्यापेक्षा वेगळे, गरीब सिद्दी कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगल भागात राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यातल्या अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं आणि तिथून निसटून ते जंगलात वसले, असं मानलं जातं. त्यांच्यात मुस्लिम आहेत, ख्रिश्चन आहेत, हिंदूही आहेत.

या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने फिरत मध्यापर्यंत यायचं, ही तिची रीत. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेले तिकोनी तुकडे लावतात. त्यांना 'फुलं' म्हणतात. फुलं नसतील तर कवंदी नागडी राहिली असं समजतात. मुस्लिम घरातल्या कवंदीवर कधी चंद्रकोर दिसते, ख्रिश्चन घरातल्या कवंदीवर क्रूस. टाका मात्र तोच.

विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री ड्र्यूअल यांनी या कवंदींचा अभ्यास केला आणि त्या अमेरिकेतल्या प्रदर्शनांत पोचल्या. आज परदेशातल्या बायका कवंदीची ही रीत हौसेने शिकतात.

नदीच्या वळणावरचं गाव

अशीच दुसरी गोष्ट अमेरिकेतली. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. इथल्या लोकांचे पूर्वजही गुलाम म्हणून आणलेले. कडाक्याच्या थंडीत बायका कामाच्या फाटक्या पँटी आणि शर्टांच्या गोधड्या शिवायच्या. 1942 मध्ये मिझुरी पेटवे या बाईने नवरा वारल्यावर त्याच्या शेतातल्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण अंगावर राहावी, ऊब मिळावी, एवढाच हेतू.

1960 च्या दशकात तिथले लोक मतदानाचा हक्क मागू लागले, तेव्हा तालुक्याच्या गावी जाणारी फेरी बोट बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला 2006 उजाडलं. त्याच चळवळीच्या काळात, 1966 मध्ये, त्या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली आणि गोधड्या विकून स्वतःचे पैसे कमावले. 2002 मध्ये जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या. 2006 मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्यातल्या दहा गोधड्यांची तिकिटं काढली.

पण गोष्ट इथे संपत नाही. 2007 मध्ये तिथल्या काही कारागीर बायका कोर्टात गेल्या. नाव झालं, पण आमचा योग्य वाटा मिळाला नाही, ही त्यांची तक्रार होती. पुढच्या वर्षी ते प्रकरण मिटलं. आपल्यासाठी यात धडा आहे. नुसतं कौतुक करून चालत नाही, मेहनतीचा हिशेबही लागतो.

आपण काय करू शकतो?

पहिलं, घरातली जुनी गोधडी टाकू नका. दुपारी अम्मीला, नानीला किंवा खालाला शेजारी बसवून एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हा कुणाचा कपडा? उत्तरं वहीत लिहून घ्या, तारीख टाका.

दुसरं, मुलांना, मुलींइतकंच मुलग्यांनाही, धावदोरा शिकवा. एक सरळ ओळ शिवली तरी पुरे.

तिसरं, वस्तीतल्या एखाद्या बाईकडून गोधडी शिवून घेत असाल तर "जुनेच तर कपडे आहेत" म्हणून भाव पाडू नका. कपडा जुना असतो, पण तिचे दिवस नवे असतात. किती दिवस बसली ते विचारा आणि त्या हिशेबाने पैसे द्या.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी यादी घेऊन आली. अकरा तुकडे ओळखले होते. नानाजींची लुंगी, मोठ्या खालाचा शाळेचा ड्रेस, अम्मीच्या मेहंदीच्या दिवशीचा दुपट्टा. बारावा तुकडा नानीलाही आठवत नव्हता. त्याच्यापुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि म्हणाली, "टीचर, हा पुण्याच्या खालाला फोन करून विचारणार आहे."