टपोरे डोळे: कौतुकाआधी मोजमाप

टपोऱ्या डोळ्यांच्या बाळाचं घरात कौतुकच होतं. क्वचित मात्र बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जन्मतःच वाजवीपेक्षा मोठा असतो. मोठ्या माणसात त्याची आडवी रुंदी साधारण ११ ते १२ मिलिमीटर असते. ती १३ किंवा त्याहून जास्त भरली, तर ‘मेगॅलोकॉर्निया’ म्हणतात. सोबत आतलं भिंगाभोवतीचं कडंही रुंद असेल, तर तो ‘अँटीरियर मेगॅलोफ्थॅल्मॉस’.

गैरसमज : मोठं बुबुळ म्हणजे काचबिंदूच.
वस्तुस्थिती : जन्मजात काचबिंदूत वाढलेल्या दाबानं बाळाचा डोळा ताणला जातो, पाणी येतं, उजेड सोसत नाही, कॉर्निया धूसर होतो. मेगॅलोकॉर्नियात कॉर्निया स्वच्छ असतो, दाब सहसा वाढलेला नसतो. तरी काचबिंदू नाही, याची आधी खात्री करून घ्यावीच लागते. तिथला उशीर नजरेवर बेततो.

गैरसमज : सगळा डोळाच मोठा असतो.
वस्तुस्थिती : सोनोग्राफीत डोळ्याची एकूण लांबी बहुधा नेहमीएवढीच भरते. कॉर्निया आणि भिंग यांमधली जागा खोल असते आणि मागचा काचद्रवाचा भाग तेवढा आखूड. पुढच्या-मागच्या भागांचं हे बिघडलेलं प्रमाणच निदानाची किल्ली ठरतं.

गैरसमज : एका स्कॅनमध्ये सगळं कळतं.
वस्तुस्थिती : ओसीटी आणि पेंटाकॅम हे डोळ्याचे स्कॅन प्रकाशावर चालतात, बुबुळाच्या रंगीत पडद्यामागचं त्यांना दिसत नाही. तिथे यूबीएम ही सूक्ष्म सोनोग्राफी लागते. तिच्या ३५ ते ५० मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी भिंगाभोवतीचं कडं आणि भिंग धरणारे धागे दाखवतात, पण चार-पाच मिलिमीटरच्या पुढे पोचत नाहीत. मागच्या भागासाठी सुमारे १० मेगाहर्ट्झची नेहमीची सोनोग्राफी करतात. यांपैकी कशातही क्ष-किरण नसतात.

गैरसमज : दाब ठीक आला, आता तपासणी नको.
वस्तुस्थिती : मेगॅलोकॉर्नियात कॉर्निया पातळ असू शकतो आणि पातळ कॉर्नियावर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून जाडीही मोजतात. ताणलेल्या धाग्यांमुळे भिंग सरकू शकतं, मोतीबिंदू लवकर होऊ शकतो. शस्त्रक्रियेत नेहमीच्या मापाचं कृत्रिम भिंग मूळ भिंगाच्या मोठ्या पिशवीत सैल पडण्याचा धोका असतो, म्हणून आधीची मापं महत्त्वाची.

गैरसमज : आईनं ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं.
वस्तुस्थिती : मेगॅलोकॉर्नियाचं नेहमीचं कारण एक्स गुणसूत्रावरच्या सीएचआरडीएल१ जनुकातला दोष आहे, ते २०१२ मध्ये उजेडात आलं. दोष एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे रुग्ण बहुतेक मुलगेच असतात आणि त्यांना तो आईकडून येतो. म्हणून बाळाच्या तपासणीला जाताना मामाच्या आणि मावसभावांच्या डोळ्यांची माहिती डॉक्टरांना जरूर सांगावी.