जुनी जीप उचलून मोठे टायर बसवायचेत? आधी हे गणित समजून घ्या

चिखलातून सहज निघणारी, उंच आणि रुंद टायरची जीप रीलवर पाहिली की आपल्याही दारातली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह तशीच करावी, असं अनेकांना वाटतं. तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटसारख्या गावात हा फक्त हौसेचा विषय नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्याने वस्तीवर जायचं असतं आणि तीच गाडी सोलापूर-हैदराबाद महामार्गावर ट्रकच्या रांगेतही चालवायची असते. चिखलात उपयोगी पडणारा बदल महामार्गावर धोक्याचा ठरू शकतो.

गाडी उचलली की जमिनीपासूनचं अंतर वाढतं का?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. लिफ्ट केल्याने चेसी आणि बॉडी वर जाते. पण अखंड हौजिंग असलेल्या गाडीत डिफरन्शियलचा गोळा चाकांच्या मध्येच राहतो. चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला आधी तोच घासतो. तो वर उचलायचा तर टायरच मोठा लागतो. लिफ्टचं खरं काम म्हणजे त्या मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा करून देणं.

मोठ्या टायरने किती फरक पडतो?

उदाहरणार्थ, २०१० साली आलेल्या थार सीआरडीईचे टायर २३५/७० आर १६ मापाचे होते. २३५ ही मिलिमीटरमधली रुंदी, टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, आणि रिम १६ इंचांची. हिशेब केला तर व्यास सुमारे ७३५ मिमी येतो. त्याजागी २४५/७५ आर १६ बसवला तर व्यास सुमारे ७७४ मिमी होतो. फरक ३९ मिमीचा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर.

त्याची किंमत अशी: चाक एका फेऱ्यात ५ टक्के जास्त अंतर कापतं. मूळ टायरवर काटा अचूक असेल, तर आता तो ८० दाखवत असताना गाडी ८४ च्या वेगाने धावते. इंजिनाची ओढ चाकापाशी तितकीच कमी पडते. टायर जड आणि मोठा असल्याने ब्रेकवरही भार वाढतो. जुन्या गाडीचे ब्रेक आधीच थकलेले असतील तर हे लक्षात ठेवायलाच हवं.

गॅरेजमध्ये लिफ्ट कशी करतात?

- शॅकल लांब करणं: स्वस्त, पण हौजिंगचा कोन बदलतो. पुढच्या बाजूला केल्यास स्टिअरिंग सरळ राहत नाही.
- जास्त कमानीचे पाटे: तुलनेने नीट पद्धत. शॉकअप, ब्रेकचे होज आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी मात्र तपासावी लागते.
- हौजिंग पाट्यांखाली घेणं: विलीज घराण्यातल्या जुन्या जीप आणि जिप्सीमध्ये पाटे हौजिंगच्या खाली असतात. ते वर घेतले की गाडी एकदम चार-पाच इंच उचलते. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस झिजतात आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं.
- बॉडी लिफ्ट: चेसी आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे घालतात. टायरला जागा मिळते, चेसी मात्र आहे तिथेच राहते.

पहिल्या तिन्हींत चेसी, इंजिन, बॉडी सगळंच वर जातं. गाडीचा भार उंचावला की वळणावर किंवा अचानक स्टिअरिंग फिरवल्यावर ती कलंडण्याची शक्यता वाढते. टपावर सामान आणि मागे माणसं असतील तर आणखीच.

काळ्या मातीत काय चालतं?

काळी माती ओली झाली की चिकटते आणि टायरच्या नक्षीत भरून बसते. मग टायर कितीही मोठा असो, तो गुळगुळीत होऊन जागीच फिरतो. म्हणून इथे आकारापेक्षा नक्षी महत्त्वाची. गट्टे मोठे आणि त्यांच्यातली जागा मोकळी असेल तर माती झटकली जाते. हवा थोडी कमी केली की टायर जमिनीवर जास्त पसरतो. डांबरी रस्त्यावर येण्याआधी ती पुन्हा भरायची. आणि शेतकऱ्याला ठाऊक असलेला उपाय उरतोच: वाफसा येईपर्यंत थांबणं.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

जुन्या गाडीच्या मालकाला आणखी एक अडचण आहे. खासगी गाडीची १५ वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती तपासणीला न्यावी लागते. तिथे वाढवलेली उंची नजरेत येते. अपघात झाल्यास विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून दावा अडवू शकते.

मग करायचं काय?

आधी गाडीचे पाटे पाहा. वर्षानुवर्षं ओझं वाहून ते बसलेले असतात. मूळ मापाचे नवे पाटे, बुश आणि शॉकअप टाकले की गेलेली उंची कायदेशीररीत्या परत मिळते. त्यानंतर त्याच मापाचे किंवा कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापाचे, खोल नक्षीचे टायर घ्या. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आणि गाडी भरून टायर कुठे घासतो का, ते तपासा. उरलेले पैसे ब्रेकवर खर्च करा. वस्तीवर पोहोचण्याइतकंच महामार्गावर वेळेत थांबणंही गरजेचं आहे.