काळ्या लेपाचा खरा हिशेब

दुरुस्तीपेक्षा देखभाल स्वस्त पडते, हे संसार सांभाळणाऱ्या कोणालाही अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. पावसाळ्यापूर्वी घर शाकारणारा शेतकरी आणि सायकलच्या साखळीला वेळेवर तेल घालणारा विद्यार्थी हे दोघेही तेच तत्त्व आचरणात आणीत असतात. परंतु ही काटकसर होते ती नेमकी कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अमेरिकेतील घरांपुढच्या डांबरी वाटांची हकिकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

तेथील उपनगरांत स्वतंत्र घरांची वस्ती मोठी. सार्वजनिक रस्त्यापासून गॅरेजपर्यंत मोटार नेण्यासाठी घराला स्वतःची वाट असते. तिला ‘ड्राइव्हवे’ म्हणतात. पुष्कळ ठिकाणी ही वाट डांबरी असते आणि तिची निगा राखण्याची जबाबदारी सर्वस्वी घरमालकाची असते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे काम चुकलेले नाही.

डांबरी थरात वजनाने सुमारे ९५ टक्के खडी व वाळू असते. त्यांना धरून ठेवणारे बिट्युमेन जेमतेम ५ टक्के. ऊन व हवा यांच्यामुळे हे बिट्युमेन हळूहळू कठीण व ठिसूळ होते, काळा पृष्ठभाग राखाडी पडतो आणि बारीक भेगा दिसू लागतात. भेगांतून पाणी खालच्या खडीच्या थरात उतरते. थंड प्रदेशात तेच पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि भेग रुंदावते. मोटारीतून गळणारे पेट्रोल व तेल बिट्युमेन विरघळवते, ते वेगळेच.

यावर उपाय म्हणून दर दोन-चार वर्षांनी पृष्ठभागावर एक पातळ काळा लेप देतात. त्याला ‘सीलकोट’ म्हणतात. आपल्याकडे रस्तेबांधणीत याच नावाने ओळखला जाणारा बिट्युमेन आणि बारीक खडी किंवा वाळू यांचा थर निराळा. हा लेप जाड रंगासारखा फासावयाचा असतो. त्याच्या मर्यादा प्रथम ध्यानात घेतल्या पाहिजेत. लेपाने वाटेला बळकटी येत नाही. खालचा थर खचला असेल किंवा पाण्याचा निचरा होत नसेल, तर वरचे काळे आवरण केवळ दोष झाकते. म्हणून आधी निचरा सुधारावा, भेगा बुजवाव्यात, तेलाचे डाग काढावेत आणि मगच लेपाचा विचार करावा. नवी वाट काही महिने मुरू द्यावी. एका जाड थराऐवजी दोन पातळ थर बरे. ते कोरड्या, उबदार हवेत द्यावेत आणि नंतर एक-दोन दिवस मोटार आणू नये. दरवर्षी हौसेने लेप चढवीत गेल्यास थरावर थर साचून पापुद्रे निघू लागतात.

येथवर ही सामान्य काटकसरीची गोष्ट झाली. खरा प्रश्न पुढेच आहे. हा लेप दोन प्रकारचा असतो. एक पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या बिट्युमेनचा, दुसरा दगडी कोळशापासून निघणाऱ्या डांबराचा. पोलादाच्या कारखान्यांसाठी कोळशाचा कोक करताना हे डांबर उपपदार्थ म्हणून मिळते. त्यामुळे अमेरिकेच्या मध्य व पूर्व भागात कोळशाच्या डांबराचा लेप रूढ झाला. पश्चिमेकडे प्रामुख्याने बिट्युमेनचाच वापरला गेला.

मराठीत आपण दोन्ही पदार्थांना ‘डांबर’च म्हणतो. आज आपले रस्ते बिट्युमेनचे असले तरी नाव जुनेच राहिले आहे. पदार्थ मात्र एक नव्हेत. कपाटात ठेवावयाच्या डांबरगोळ्यांचा उग्र वास आपल्या परिचयाचा आहे. त्यातले नॅफ्थलीन मूळचे कोळशाच्या डांबरातले. ते ज्या बहुचक्रीय हायड्रोकार्बनांच्या कुळातले आहे, त्या कुळातील काही संयुगे कर्करोगकारक आहेत. धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या कर्करोगाचा काजळीशी असलेला संबंध लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच दाखविला होता. जपानमध्ये यामागिवा व इचिकावा यांनी सशांच्या कानांना कोळशाचे डांबर सतत लावून कर्करोग निर्माण केला, त्याला १९१५ हे वर्ष उजाडले. म्हणजे दोष ठाऊक नव्हता असे म्हणता येणार नाही.

टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात ओढ्यांच्या गाळात ही संयुगे फार मोठ्या प्रमाणात आढळली, तेव्हा तपासाची दिशा वाहनतळ आणि घरांपुढील वाटा यांच्याकडे वळली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने या प्रश्नाचा अभ्यास केला. कोळशाच्या लेपात या संयुगांचे प्रमाण बिट्युमेनच्या लेपाच्या सुमारे हजारपट असते, असे दिसून आले. चाकांखाली लेप झिजतो, त्याची भुकटी होते आणि पावसाबरोबर ती ओढ्यात जाते. चपलांबरोबर घरातही येते. ऑस्टिनमधील तळमजल्यावरच्या २३ घरांतील धूळ तपासली असता, शेजारी कोळशाच्या लेपाचा वाहनतळ असलेल्या घरांत ही संयुगे इतर घरांपेक्षा सुमारे २५ पट निघाली. ज्या जमिनीवर लहान मूल रांगते आणि हात तोंडात घालते, त्याच जमिनीवरची ही धूळ आहे, हे विसरता कामा नये. लेप उत्पादकांच्या संघटनेने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. परंतु शहराने थांबणे पसंत केले नाही आणि २००६ च्या आरंभापासून कोळशाच्या लेपावर बंदी आली. पुढे २०११ मध्ये वॉशिंग्टन व २०१४ पासून मिनेसोटा या राज्यांनी तोच मार्ग धरला. बंदीनंतर ऑस्टिनच्या लेडी बर्ड तलावातील गाळात या संयुगांचे प्रमाण सुमारे ५८ टक्क्यांनी घटल्याचे सर्वेक्षण संस्थेच्या २०१४ मधील अभ्यासात आढळले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही वाटणार नाही. पिगू यांनी १९२० मध्येच खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील अंतराकडे लक्ष वेधले होते. घरमालक डब्यावर छापलेली किंमत मोजतो; ओढ्यातील जीवांनी आणि शेजारच्या मुलाने मोजलेली किंमत त्या डब्यावर नसते. कोणी म्हणेल, संबंधितांनी आपसांत वाटाघाटी कराव्यात. परंतु हजारो वाटांवरून आलेल्या भुकटीतील कोणता कण कोणाच्या दारातला, हे कोण ठरवणार? प्रत्येकाचा वाटा नगण्य आणि बेरीज भयंकर, अशा ठिकाणी वाटाघाटी निरुपयोगी ठरतात. शिवाय पर्यायी लेप बाजारात उपलब्ध होता आणि अर्धा देश तो वापरीतही होता. अशा स्थितीत कर बसवून हळूहळू सवय मोडण्यापेक्षा सरळ बंदी घालणे हेच शहाणपणाचे होते, असे मला वाटते. बाजारावर विश्वास असणाऱ्यांनीही, ज्या मालाची पूर्ण किंमत ग्राहकाला दिसतच नाही, त्याची निवड ‘मुक्त’ कशी म्हणावयाची, याचे उत्तर दिले पाहिजे.

घरासमोरची वाट काळी कुळकुळीत दिसावी, ही इच्छा गैर नाही, आणि वेळेवर केलेली देखभाल हा गुणच आहे. मात्र स्वतःच्या वाटेचे आयुष्य चार वर्षांनी वाढवताना तो खर्च दुसऱ्याच्या अंगणात ढकलला गेला, तर त्याला बचत म्हणता येत नाही. केवळ खातेबदल झालेला असतो. तेथील आपल्या आप्तांनी डबा घेण्यापूर्वी त्यावरचा मजकूर वाचून तो कोळशाच्या डांबराचा नाही ना, याची खात्री करावी. डांबरगोळीसारखा वास आला, तर वाट राखाडी राहिलेली पत्करावी. आणि आपल्याकडेही गच्चीला किंवा आवारात ‘डांबर’ लावण्याचा ठराव सोसायटीच्या सभेपुढे येईल, तेव्हा दरपत्रकाबरोबरच ते डांबर कशाचे आहे, एवढे विचारण्यास कोणाची हरकत नसावी.