परांची कधी उतरवायची?

मूल स्वावलंबी व्हावं म्हणून त्याला मदतच करायची नाही, असा समज अनेक घरांत आढळतो. हेतू चांगलाच असतो; पण मानसशास्त्रातली कल्पना वेगळी आहे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळे रचायला शिकवताना मदत कशी द्यावी, याचा अभ्यास केला. त्यातून ‘स्कॅफोल्डिंग’ (शिकणाऱ्याला दिलेला तात्पुरता, हळूहळू काढून घ्यायचा आधार) ही संज्ञा रुळली.

बांधकामावरची बांबूंची परांची आठवा. परांची भिंत बांधत नाही, गवंड्याला उभं राहायला जागा देते. काम झालं की ती उतरवतात.

बुटाची नाडीच घ्या. पहिल्या दिवशी सावकाश बांधून दाखवावी. मग शेवटी ओढून घट्ट करणं तेवढं मुलाकडे द्यावं. काही दिवसांनी सगळंच. गाठ वेडीवाकडी झाली तरी सोडून पुन्हा बांधू नये. शाळेच्या घाईत हेच सर्वांत अवघड जातं, आणि नेमका तिथेच आपला हात पुढे होतो. मूल अडलं, तर ‘आता कोणतं टोक घ्यायचं?’ एवढंच विचारा आणि थोडं थांबा.