दोन्ही विद्यापीठं चांगली, मग निवड कशी करायची?

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात, रात्री साडेदहाला जबलपूरहून ताईचा फोन आला. "अगं, दोन्हीकडे नाव लागलंय," ती म्हणाली. बातमी आनंदाची होती, पण तिच्या आवाजात धास्तीच जास्त होती.

माझी भाची भौतिकशास्त्रात बीएस्सी झाली होती. एमएस्सीसाठी तिने सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा दिली आणि बनारस हिंदू विद्यापीठ व हैदराबाद विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी तिला प्रवेश मिळत होता. दोन्ही केंद्रीय विद्यापीठं, दोन्ही नावाजलेली. फी भरायला चार दिवस उरले होते.

घरात तट पडले होते. ताईला बनारस हवं होतं, कारण जबलपूरहून एका रात्रीत गाडीने पोहोचता येतं. भावजींचा कौल हैदराबादला होता. "शेजारीच आयटी कंपन्या आहेत, उद्या नोकरीला बरं," असं त्यांचं म्हणणं. आजीला तर काशी हे नाव ऐकूनच आनंद झाला होता. "आपल्याकडे मुंजीत मुलगे काशीला निघतात आणि मामा त्यांना अर्ध्या वाटेवरून परत आणतो. आता नात निघालीय, तिला कुणी अडवायचं नाही," असं तिने जाहीर करून टाकलं.

भाची मात्र गप्प होती. शेवटी मला म्हणाली, "मावशी, एकीकडून नकार आला असता तर बरं झालं असतं गं!"

दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत कितीतरी घरांमध्ये हेच घडतं. एक पर्याय चांगला आणि दुसरा बेताचा असेल तर कुणी डोकं खाजवत बसत नाही. दोन्ही चांगले असले की मात्र झोप उडते, कारण काहीही निवडलं तरी दुसरं हातचं जाणार असतं.

लहान कोणतं, मोठं कोणतं?

आम्ही आधी दोन्ही विद्यापीठांची माहिती काढली. बनारस हिंदू विद्यापीठाची स्थापना १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीय यांच्या पुढाकाराने झाली. सुमारे १३०० एकरांच्या अर्धवर्तुळाकार परिसरात आज जवळपास ३० हजार विद्यार्थी शिकतात. विज्ञान, कला, शेती, वैद्यक, आयुर्वेद, संगीत, चित्रकला, संस्कृत असं सगळं एका आवारात आहे. स्वतःचं मोठं रुग्णालय आहे, भारत कला भवन हे संग्रहालय आहे, विश्वनाथाचं मंदिर आहे. तिथलं मुख्य ग्रंथालय बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाने ओळखलं जातं. मराठीचा वेगळा विभागही आहे.

हैदराबाद विद्यापीठ १९७४ सालचं. सुरुवातीचे वर्ग शहरातल्या 'गोल्डन थ्रेशोल्ड' या सरोजिनी नायडूंच्या घरात भरत. नंतर गच्चीबावलीला सुमारे २३०० एकर जमीन मिळाली. तिथे मोठमोठे खडक आहेत, तळी आहेत, झाडी आहे. विद्यार्थी मात्र पाच हजारांच्या आसपास. भर पदव्युत्तर शिक्षणावर आणि संशोधनावर.

गंमत बघा, जमीन जास्त हैदराबादकडे आणि माणसं जास्त बनारसकडे. त्यामुळे 'मोठं विद्यापीठ' म्हणताना आपल्याला नेमकं काय मोठं म्हणायचं आहे, हे आधी ठरवावं लागतं. मुलांच्या रोजच्या आयुष्यावर जमिनीपेक्षा आसपासच्या माणसांच्या संख्येचा परिणाम जास्त होतो.

गर्दीचा फायदा, ओळखीचा फायदा

मोठ्या विद्यापीठात निवडीला वाव असतो. सकाळी भौतिकशास्त्राचा तास, दुपारी ग्रंथालय आणि संध्याकाळी गाण्याची मैफल, असा दिवस एकाच आवारात जाऊ शकतो. एका गटाशी पटलं नाही तर दुसरा सापडतो. चुकलं-माकलं तरी सगळ्यांच्या नजरेत येत नाही. पण रांगा असतात, कागदपत्रांसाठी खेटे असतात आणि आपण होऊन पुढे गेलं नाही तर वर्षभर कुणी नावही विचारत नाही.

लहान विद्यापीठात उलटं. चेहरे ओळखीचे होतात. शिक्षकांशी बोलणं, त्यांच्या प्रयोगशाळेत काम मागणं सोपं जातं. मात्र तीच माणसं वर्गात, तीच मेसमध्ये आणि तीच वसतिगृहात. एखाद्या मैत्रिणीशी बिनसलं तर तोंड लपवायला जागा नाही. विषयांचे पर्यायही मोजके असू शकतात.

यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट असं नाही. आपल्या मुलाला काय मानवेल, एवढंच बघायचं.

विद्यापीठापेक्षा विभाग बघा

पालक विद्यापीठाचं नाव आणि क्रमवारी बघतात. मुलांची दोन वर्षं मात्र एका विभागात, एका वसतिगृहात आणि पंधरा-वीस माणसांमध्ये जातात. म्हणून भाचीला मी सांगितलं, दोन्हीकडच्या त्याच विभागात शिकणाऱ्या दोन-दोन मुलींशी बोल. 'कॉलेज कसं आहे?' असं मोघम विचारू नकोस. हे विचार:

एका वर्गात किती जण असतात? प्रकल्पासाठी मार्गदर्शक कसा मिळतो? तास बुडाला तर पुढे काय? मागच्या वर्षीच्या मुली आता कुठे आहेत? वसतिगृहात खोली पहिल्या दिवसापासून मिळते की थांबावं लागतं? रात्री ग्रंथालयातून परतताना भीती वाटते का? आजारी पडल्यावर कोण बघतं?

शेवटचे दोन प्रश्न ताईने सांगितले होते. खरं तर सर्वात आधी तेच विचारायला हवेत.

वातावरणही अभ्यासक्रमच असतो

प्रत्येक आवाराचा एक स्वभाव असतो. हैदराबाद विद्यापीठात विद्यार्थी संघाच्या निवडणुका होतात, पोस्टर्स लागतात, वाद झडतात. २०२५ मध्ये आवारालगतच्या ४०० एकर जमिनीवरची झाडं तोडण्याविरुद्ध तिथले विद्यार्थी उभे राहिले आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. बनारसमध्ये विद्यार्थी संघ नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंद झाला, पण तिथली मुलंही गप्प बसणारी नाहीत. २०१७ मध्ये विद्यार्थिनींनी सुरक्षिततेसाठी आणि वसतिगृहांतल्या वेळेच्या बंधनांविरुद्ध मोठं आंदोलन केलं होतं.

अशा बातम्या वाचून पालक घाबरतात. घाबरण्यापेक्षा मुलांशी बोला. एखाद्याला असं वातावरण हवंहवंसं वाटतं, एखाद्याला त्याचा त्रास होतो. कोणत्याही आवारात रॅगिंगची तक्रार कुठे करायची आणि महिलांच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती कुठे आहे, हे प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी माहीत असावं. देशभरासाठीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही आहे. नंबर मुलांच्या फोनमध्ये असू द्या.

भाषेचाही विचार करा. हिंदी भाषक राज्यात वाढलेल्या माझ्या भाचीला बनारस परकं वाटलं नसतं. हैदराबादच्या आवारात देशभरची मुलं, त्यामुळे इंग्रजी आणि हिंदीवर भागतं, पण बाहेर पडलं की तेलुगू कानावर पडते. घर सोडून दूर गेल्यावर आपली भाषा कानावर न पडणं किती जड जातं, ते गेल्यावरच कळतं.

आणि परका प्रांत आपला होऊ शकतो, हेही विसरू नका. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातच लहानाचे मोठे झाले. वडील विष्णू वासुदेव नारळीकर तिथे गणिताचे प्राध्यापक होते. जयंतरावांनी १९५७ मध्ये तिथूनच बीएस्सी केली आणि मग ते केंब्रिजला गेले.

भीती कुणाची?

तिसऱ्या दिवशी ताई फोनवर एकदम रडली. "बनारस जवळ आहे म्हणून नाही गं. ती गेल्यावर मी काय करू, हेच कळत नाही मला." इतके दिवस ती गाडीचं वेळापत्रक सांगत होती आणि मनात हे होतं. भावजींचंही तसंच. तीन वर्षांत निवृत्ती, म्हणून मुलगी लवकर कमावती व्हावी ही त्यांची घाई होती. दोघांचंही चुकत नव्हतं. फक्त आपली काळजी त्यांनी मुलीच्या फायद्याच्या शब्दांत गुंडाळली होती.

पालकांनी आपली गरज स्वच्छ बोलून दाखवावी. 'इतका खर्च झेपेल', 'वर्षातून दोनदा घरी यावंसं वाटतं' हे सांगितलं की मुलांना त्यात बसवून विचार करता येतो. खर्च मोजताना नुसती फी धरू नका. वसतिगृह, मेस, प्रवास, खोली न मिळाल्यास बाहेरचं भाडं, सगळं लिहून काढा. एकीकडे फी भरून दुसरीकडे जायचं झालं तर पैसे परत मिळण्याचे यूजीसीचे नियम असतात. त्यांच्या तारखा त्या त्या वर्षी तपासा आणि पावत्या जपून ठेवा.

दोन पानं

शेवटच्या रात्री मी भाचीला एक काम दिलं. दोन कागद घे. एकावर बनारसमधला आणि दुसऱ्यावर हैदराबादमधला एक साधा मंगळवार लिही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. पहिला दिवस लिहू नको, चौथ्या महिन्यातला लिही.

तासाभराने तिचा फोन आला. "मावशी, बनारसच्या पानावर मी लिहिलंय की, मी मागच्या बाकावर बसेन. बीएस्सीला तीन वर्षं तेच केलं ना. हैदराबादच्या पानावर ते लिहिताच येईना. तिथे मागे बसून चालणार नाही, असं तिथल्या मुली म्हणाल्या. मला भीती वाटतेय, पण तिथेच जाते."

ती हैदराबादला गेली. पहिलं सत्र कठीण गेलं. एका विषयात जेमतेम पास झाली, तेव्हा रात्री एक वाजता आईला फोन करून रडली. ताई मग स्वतः जवळजवळ दिवसभराचा प्रवास करून तिला भेटायला गेली आणि दोन डबे चिवडा, लाडू देऊन आली. दुसऱ्या वर्षी भाचीने वर्गासमोर उभं राहून आपला प्रकल्प मांडला.

तिच्याच वर्गातली, तिच्यासारखीच अबोल मैत्रीण त्या वर्षी बनारसला गेली. तिला ती गर्दीच मानवली. कुणी बघत नाही म्हणून ती बिनधास्त चुकली, शिकली आणि तिथे तबलाही शिकायला लागली. दोघी सुट्टीत जबलपूरला भेटतात आणि 'आमचंच विद्यापीठ भारी' म्हणून भांडतात.

तुमच्या घरात सध्या असाच पेच असेल तर तेवढे दोन कागद मुलांच्या हातात द्या आणि तासभर त्यांच्या खोलीत डोकावू नका. एकदा फी भरली की दुसऱ्या विद्यापीठाचं नाव घरात काढू नका. पहिल्या परीक्षेत गुण कमी पडले तर 'तरी मी म्हणत होते' हे वाक्य ओठांवर येईल. ते गिळा आणि चिवड्याचा डबा भरायला घ्या.