लखनौत गाणे ऐकायचे, पण कुठे?

बदली होऊन पुण्याहून लखनौला आलेले एक कुटुंब. वडील बँकेत, आई शिक्षिका, मुलगी बारा वर्षांची आणि चार वर्षे गाणे शिकत असलेली. नव्या गावी गुरू मिळेपर्यंत निदान चांगले गाणे तिच्या कानावर पडत राहावे, म्हणून आईवडिलांनी डिसेंबरातल्या एका मोठ्या मेळ्यातला कार्यक्रम गाठला. पत्रिकेत वेळ होती सातची. नऊपर्यंत भाषणे, सत्कार आणि पुष्पगुच्छ चालले. पुढचे सोफे पाहुण्यांसाठी राखीव होते. मागच्या खुर्च्यांवरून गायिका दिसायची ती फक्त मोठ्या पडद्यावर. पलीकडे आकाशपाळण्याचा भोंगा वाजत होता. साडेदहाला थंडीने काकडून तिघेही घरी परतली, तेव्हा मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, इथे गाणे नसतेच का?’’ पुढे महिनाभर तिने तानपुऱ्याच्या पेटीला हात लावला नाही.

लखनौत गाणे नाही असे कोण म्हणेल? पण त्या रात्री जागा चुकली होती. आणि या शहरात जागा निवडणे म्हणजे कोणत्या प्रकारचे गाणे ऐकायचे ते निवडणे.

परीखान्यातले गाणे

नवाबी काळात लखनौचे गाणे ऐकायला नाट्यगृह लागत नव्हते. दरबार होता, रईसांच्या कोठ्या होत्या आणि चौकातल्या तवायफांच्या बैठकी होत्या. पंचवीसतीस माणसे, पांढऱ्या चादरी, समोर हातभर अंतरावर गाणारी. ठुमरी याच अंतरासाठी घडली. एकच ओळ दहा तऱ्हांनी सांगायची, तर ऐकणाऱ्याला गाणाऱ्याची भुवई दिसली पाहिजे. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा करून वाजिद अली शाह यांना गादीवरून उतरवले. ते कलकत्त्याला गेले आणि दरबाराचा आश्रय संपला. तवायफांच्या बैठकी पुढेही बरीच वर्षे चालल्या, पण घरंदाज बाईने तिथे ऐकायला जायचे नाही आणि गायचे तर मुळीच नाही, असा समाजाचा कायदा होता. म्हणजे गाणे होते, पण निम्म्या समाजाला त्याचे दार बंद होते.

ते दार उघडणाऱ्यांत एक मराठी माणूस पुढे होता. मुंबईचे वकील विष्णू नारायण भातखंडे यांनी बडोदा, दिल्ली आणि बनारसनंतर संगीत परिषदेची चौथी आणि पाचवी बैठक लखनौला भरवली. १९२६ मध्ये राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने त्यांनी इथे मॅरिस कॉलेज काढले. तत्कालीन गव्हर्नरांचे नाव त्याला दिलेले होते. १९२८ पासून भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर प्राचार्य झाले. बेळगावजवळच्या बैलहोंगलचा एक अकरा वर्षांचा मुलगा १९३६ मध्ये त्यांच्याकडे शिकायला आला आणि पुढे के. जी. गिंडे म्हणून नावाजला. गजलगायक तलत महमूद आणि संगीतकार रोशन हेही याच कॉलेजचे विद्यार्थी. आज हेच भातखंडे संस्कृती विद्यापीठ आहे आणि ते कैसरबागेतल्या परीखान्यात भरते. वाजिद अली शाह जिथे नाचगाण्याच्या तालमी घेत, तीच ही वास्तू.

भातखंड्यांच्या पद्धतीने बैठकीतली जवळीक गेली, पुस्तकी गाणे आले, अशी तक्रार तेव्हाही झाली आणि आजही होते. ती अगदी खोटी नाही. पण बारा वर्षांच्या मुलीने आईवडिलांबरोबर उजळ माथ्याने ठुमरी ऐकावी, ही सोय त्याच पद्धतीने झाली.

ही ओढाताण बेगम अख्तर यांच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसते. फैजाबादच्या या गायिकेने १९४५ मध्ये लखनौच्या एका बॅरिस्टरशी लग्न केले आणि गाणे सोडले. घरंदाज गृहिणी होण्याची ती किंमत होती. गाण्यावाचून त्या आजारी पडल्या. अखेर १९४९ मध्ये त्या परत गायल्या, त्या आकाशवाणीच्या लखनौ केंद्रावर. स्टुडिओत समोर श्रोते नसतात, म्हणून तेवढे चालले. १९७४ च्या ३० ऑक्टोबरला त्या गेल्या. ठाकूरगंजच्या पसंदबागेत आईशेजारी त्यांची कबर आहे. बरीच वर्षे ती दुर्लक्षित होती, २०१२ मध्ये तिची नीट डागडुजी झाली.

कैसरबाग की गोमतीनगर?

आज ऐकायला जायचे तर दोन दिशा. कैसरबागेत विद्यापीठाजवळच राय उमानाथ बली प्रेक्षागृह आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोमतीनगरमध्ये, उत्तर प्रदेश संगीत नाटक अकादमीचे प्रेक्षागृह आहे आणि त्याचे नाव वाचून मराठी माणूस थबकतोच : संत गाडगेजी महाराज प्रेक्षागृह. खराटा घेऊन गावे झाडणारे आपले गाडगेबाबा इथे ठुमरीच्या दारावर उभे आहेत. त्याच आवारात वाल्मीकी रंगशाळा आहे. ती लहान आहे, आणि लहान असणे हाच तिचा गुण. चारबाग स्टेशनासमोरचे रवींद्रालय जुने आणि ऐसपैस आहे. तिथे जायला मेट्रो सोयीची पडते. कैसरबागेसाठी हजरतगंजला उतरून ई-रिक्षा करावी लागते आणि गाडगे प्रेक्षागृहासाठी आपले वाहन असलेले बरे. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

मोकळ्या हवेतले गाणे ऐकायचे तर फेब्रुवारीच्या सुमारास कैसरबागेच्या सफेद बारादरीत सनतकदा महोत्सव भरतो. २०१० पासून तो चालू आहे. कपडे आणि खाणे यांची तिथे गर्दी असते, पण वास्तूच अशी आहे की गाणे परके वाटत नाही. लखनौ महोत्सवाचे तसे नाही. पूर्वी २५ नोव्हेंबर ही त्याची ठरलेली तारीख असे. पुढे तारखा आणि जागा बदलत गेल्या, म्हणून जाहिरात पाहिल्यावाचून बेत आखू नये.

हॉटेलातल्या गजलसंध्येबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जेवणाचे पैसे द्यायचे आणि गजल तोंडी लावायला घ्यायची. काट्याचमच्यांच्या आवाजात गाणाऱ्याची दया येते.

मुले बरोबर असतील तर सुरुवात कथकपासून करावी. ही कालका-बिंदादीन यांची नगरी, बिरजू महाराजांचे जन्मगाव. लहान मूल अर्धा तास आलाप ऐकणार नाही, पण तबला आणि घुंगरू यांची सवालजबाबी चालू झाली की खुर्चीच्या कडेवर येऊन बसते. फक्त एक चौकशी आधी करावी : साथ प्रत्यक्ष आहे की ध्वनिमुद्रित? ध्वनिमुद्रित असेल तर त्यासाठी शहर ओलांडून जायचे कारण नाही.

मोहरममध्ये इमामबाड्यांत सोजख्वानी होते. वाद्याशिवाय, रागांच्या आधाराने गायलेले ते करुण स्वर ऐकून परका माणूसही हलतो. पण तो कार्यक्रम नव्हे, शोक आहे. ओळखीच्या कुटुंबाबरोबर जावे, साधे कपडे घालावेत आणि चुकूनही टाळी वाजवू नये.

फुकटचे गाणे

पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सवाला माणसे तिकीट काढून जातात. लखनौत सरकारी कार्यक्रमांना बहुधा प्रवेश मोफत असतो. ही मोठी सोय आहे, पण तिची दुसरी बाजूही आहे. पैसे मोजले नाहीत म्हणून माणसे मध्येच उठतात, फोनवर बोलतात. आयोजकांनाही श्रोत्याची भीती राहत नाही, त्यामुळे सातच्या कार्यक्रमाचे नऊ होतात. फुकट कार्यक्रमाला अर्धा तास आधी जाऊन चौथ्या-पाचव्या रांगेत मधोमध जागा धरावी, कर्ण्याखाली मात्र कधीच बसू नये. पहिला कलाकार बहुधा तरुण असतो. त्याला ऐकावे. कारण त्या वेळी सभागृह शांत असते आणि तो जीव तोडून गातो.

पुण्याच्या त्या कुटुंबाला वाट दाखवली ती शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी. मोठ्या नावांमागे धावू नका, हिंदी वर्तमानपत्रातले ‘आज शहरात’सारखे छोटे सदर रोज पाहत जा, असे त्यांनी सांगितले. फेब्रुवारीत एका लहान सभागृहात विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. श्रोते साठसत्तर असतील. विशीतली एक मुलगी यमन गायला बसली. तानपुरे जुळेपर्यंत दहा मिनिटे गेली. दुसऱ्या रांगेतून तिचा श्वास ऐकू येत होता. एका तानेत ती चुकली, हसली आणि पुन्हा समेवर आली. साथीचे वयस्क तबलजीही हसले.

घरी पोहोचायला दहा वाजले. आई दूध तापवत होती, तेवढ्यात आतल्या खोलीतून पेटीचा खर्ज सुरू झाला.